घर ते कचेरी चार किलोमीटर, महिन्यातून एकदा आंबा घाट: स्विफ्टमध्ये वापरलेल्या इंजिन ऑइलची तुलना

दोन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी पातळी पाहावी म्हणून बॉनेट उघडले आणि ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण फिरवून काढले, तर त्याच्या आतल्या बाजूला ताकावर लोणी यावे तसा पिवळट पांढरा थर जमलेला होता. हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरची सील) गेले, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी ऑइलमध्ये उतरले, असेच मनात आले आणि गाडी हळूहळू नाचण्याच्या गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या मेकॅनिकने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. डाग स्वच्छ तपकिरी उमटला, त्यात दुधाळपणा नव्हता आणि कूलंटची पातळीही जागेवर होती. "साहेब, गाडी तापतच नाय तुमची. रविवारी पालीपर्यंत जाऊन या, मग बघा," एवढेच तो म्हणाला. मी गेलो, आणि परत येऊन झाकण उघडले तेव्हा थर बराच विरळ झाला होता.

रत्नागिरीसारख्या गावात गाडी चालवणाऱ्याने ऑइल निवडताना ही गोष्ट आधी समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइल साठण्याच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापले तर ती पुन्हा उडून जाते. नाचण्याहून मारुती मंदिरापर्यंतच्या माझ्या रोजच्या प्रवासात मात्र ऑइल तापायच्या आत कचेरी येते, कारण कूलंटपेक्षा ऑइलला तापायला जास्त वेळ लागतो. ही वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल दिवसेंदिवस ऑइलमध्ये साठत राहते आणि जून ते सप्टेंबर हवाच ओली असल्याने झाकणाखाली तो थर दिसू लागतो.

माझी गाडी २०१२ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन असलेली, आणि कंपनीच्या पुस्तिकेत तिच्यासाठी ५डब्ल्यू-३० या ग्रेडला, म्हणजे दाटपणाच्या वर्गाला, पसंती दिलेली आहे. वॉरंटी असेपर्यंत अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जे ऑइल भरले जाई तेच चालले आणि त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. त्यानंतर एका परिचितांच्या सल्ल्याने मी २०डब्ल्यू-५० खनिज ऑइल भरून घेतले. "कोकणात कुठे बर्फ पडतो? दाट ऑइलच इंजिन सांभाळते," असे त्यांचे म्हणणे होते आणि आमच्याकडे आजही पुष्कळ लोक असेच मानतात.

या म्हणण्यातले पहिले वाक्य खरे आहे. ग्रेडमधला मागचा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो; पुढच्या आकड्याजवळचा 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, आणि त्याची चाचणी २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर, ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांवर घेतात. रत्नागिरीत पौषातल्या पहाटेही पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही. तरीसुद्धा इंजिनच्या दृष्टीने पंचवीस अंशांची सकाळ थंडच असते, कारण ऑइलचे खरे काम शंभर अंशांच्या जवळपास चालते. चाळीस अंशांवर मोजले तरी २०डब्ल्यू-५० ऑइल ५डब्ल्यू-३०च्या दुपटीहून अधिक दाट भरते. माझ्या गाडीत ते घातल्यावर सकाळी स्टार्ट केल्यानंतर पहिले काही क्षण वरच्या भागातून कोरडी टकटक ऐकू येई, गाडी थोडी जड ओढे आणि ॲव्हरेजही उतरला. सहा महिन्यांत मी ते काढून टाकले. जुन्या, ऑइल पिऊ लागलेल्या इंजिनला त्याचा आधार मिळतो, हे मान्य आहे. माझ्या स्विफ्टमधल्यासारख्या धडधाकट के-सीरीज इंजिनला ते घालण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

त्यानंतर कॅस्ट्रॉल मॅग्नाटेक ५डब्ल्यू-३० घातले. या ऑइलचे रेणू धातूला चिकटून राहतात आणि इंजिन बंद असतानाही पातळ थर टिकवतात, असे कंपनी सांगते. तो थर मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण टकटक पहिल्याच सकाळी गेली, आणि ग्रेड बदलल्याचा त्यात मोठा वाटा असणार हेही उघड आहे. दिवसातून चार वेळा गाडी चालू-बंद करणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऑइल फार मानवले.

पुढची दोन वर्षे शेल हेलिक्स एचएक्स७, १०डब्ल्यू-४०, वापरले, कारण त्या काळात आईच्या उपचारांसाठी कोल्हापूरला वरचेवर जावे लागे. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. चार माणसे, सामान, एसी चालू आणि दुसऱ्या गिअरमध्ये लांबच लांब चढ, अशा वेळी ऑइल किती टिकते हे तपासण्यासाठी १५० अंशांवर, जोरात घुसळले जात असताना त्याचा दाटपणा मोजतात. ३० ग्रेडला तिथे किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात, १०डब्ल्यू-४०ला ३.५. घाटमाथ्यावर गाडी थांबवून बॉनेट उघडल्यावर इंजिनचा आवाज एचएक्स७ असताना अधिक भरीव आणि शांत वाटे, हे मी तीन-चार फेऱ्यांत मुद्दाम कान देऊन ऐकले आहे. गावातल्या गावात मात्र मॅग्नाटेकवर गाडी हलकी पळे.

गेली दोन वर्षे मोबिल १, ५डब्ल्यू-३०, हे पूर्ण सिंथेटिक ऑइल आहे. चौघांत इंजिन सर्वांत गुळगुळीत याच्यावरच चालते; घाटातही आणि सकाळीही. सिंथेटिक ऑइलचे रेणू एकसारखे असल्याने ते उष्णतेला लवकर फाटत नाही आणि त्याचा गाळही कमी होतो, हे ऑइल काढताना दिसले. पण लोण्यासारखा थर सापडला तो याच ऑइलवर, हे मला आवर्जून सांगायचे आहे. पाण्याची वाफ आणि पेट्रोल महागड्या ऑइलमध्येही तेवढेच उतरते. पूर्ण सिंथेटिक आहे म्हणून पंधरा हजार किलोमीटर निर्धास्त राहा, असे काउंटरवर कोणी सांगितले तर रोज चार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याने ते ऐकू नये.

डिझेलची गोष्ट वेगळी आहे. लांज्याला मामांकडे जुनी बोलेरो आहे, तिच्यात १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल पडते आणि ते पाचशे किलोमीटरच्या आत काळेकुट्ट होते. मामा दरवेळी काळजी करतात, पण काजळी धरून ठेवणे हेच त्या ऑइलमधल्या डिटर्जंटचे काम आहे. काळे झाले म्हणजे ते काम करते आहे. मात्र बीएस-६ डिझेल गाडीत, जिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, हे जुन्या पद्धतीचे ऑइल घालू नये. तिथे कमी राखेचे ऑइलच लागते, नाहीतर फिल्टर चोंदतो. टर्बो पेट्रोल गाडी असेल तर डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी ही ऑइलच्या दर्जाची २०२० सालची वर्गवारी आहे का, ते पाहून घ्यावे.

बनावट ऑइलचा फटका मलाही एकदा बसला. जिल्ह्याबाहेरच्या एका दुकानातून स्वस्तात घेतलेला नामांकित कंपनीचा डबा सीलबंदच होता, पण हजारभर किलोमीटरांत ऑइल पाण्यासारखे पातळ झाले आणि डिपस्टिकला रॉकेलसारखा वास येऊ लागला. तेव्हापासून ओळखीच्या दुकानातून पक्के बिल घेऊन डबा आणतो, बॅच नंबर वाचतो आणि ऑइल ओतून झाले की रिकाम्या डब्याला समोरच सुरीने चीर पाडायला लावतो, म्हणजे तो पुन्हा भरला जात नाही.

दुधाळपणाबद्दल आणखी एक सांगायला हवे, कारण झाकणाखालचा थर आणि डिपस्टिकवरचा दुधाळपणा यांत गफलत होते. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचे ऑइल डिपस्टिकवरच दुधी कॉफीसारखे दिसते आणि तेव्हा चावी फिरवण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नये; आधी ऑइल व फिल्टर काढायचे, सिलिंडरमध्ये पाणी आहे का ते पाहायचे, मगच पुढचे. खाऱ्या हवेत पत्र्याचे चेंबर आणि ऑइल फिल्टरचे बाहेरचे आवरणही गंजते, म्हणून ऑइल बदलताना गाडी वर घेतली की ड्रेन बोल्टच्या आजूबाजूला बॅटरी मारून बघायला सांगतो.

पुस्तिकेप्रमाणे ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल तेव्हा बदलायचे असते. माझी गाडी वर्षाला सहा हजारसुद्धा होत नाही, तरी मी आता दर सहा महिन्यांनी बदलतो. गणपतीत महामार्गावर तासन्‌तास एसी लावून रांगेत उभी राहिलेली गाडी किलोमीटर दाखवत नाही, पण इंजिन तेवढा वेळ चाललेले असते. पैशांचा हिशेब केला तर मोबिल १ वर्षभर ठेवण्यापेक्षा मॅग्नाटेक दोनदा बदलणे माझ्या वापराला योग्य ठरते. दर आठवड्याला घाट चढणाऱ्याने किंवा टर्बो गाडी असलेल्याने सिंथेटिकवरच खर्च करावा.

आमच्याकडे सगळे जण मे महिन्यात, पावसाआधी सर्व्हिसिंग उरकतात. मीही तेच करीत असे. आता एक बदल एप्रिलमध्ये आणि दुसरा दसरा झाल्यावर करतो, म्हणजे चार महिन्यांची ओल धरलेले ऑइल पुढच्या मेपर्यंत इंजिनमध्ये राहत नाही. यंदाच्या दसऱ्यासाठी मॅग्नाटेकचा साडेतीन लिटरचा डबा आणि नवा फिल्टर आणून ठेवला आहे.