परसात पैसा घालायचा, पण कशात?

परसासाठी बाजूला काढलेली रक्कम बहुतेक वेळा दिसणाऱ्या गोष्टींवर संपते. न दिसणाऱ्या गोष्टींसाठी मग पुन्हा खिशात हात घालावा लागतो. मी हे फरशी घालून झाल्यावर शिकलो. दिव्यांची वायर न्यायला खालून पाइपच टाकलेला नव्हता, आणि महिनाभरापूर्वीची फरशी फोडावी लागली.

म्हणून इथे प्रत्येक पर्याय मी दोनच प्रश्नांवर तोललाय: वर्षातले किती दिवस तो वापरला जाईल, आणि पाच वर्षांनी तो काय मागेल? घर विकताना किंमत किती वाढेल, हा हिशेब मुद्दाम बाजूला ठेवलाय. तो येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या आवडीवर ठरतो, आणि ते गिऱ्हाईक कोण असेल हे आज कुणाला माहीत?

एका कामाला मात्र पर्याय नाही, ते म्हणजे पाण्याचा उतार. 40 चौरस मीटर फरशीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 1,000 लिटर पाणी जमतं. ते घराच्या भिंतीकडे वळलं तर वरची सजावट फुकट गेली. घरापासून बाहेरच्या दिशेने मीटरमागे 1 ते 2 सेंटिमीटर उतार आणि पाणी मुरायला किंवा वाहून जायला जागा, एवढं आधी पक्कं करा.

कोबा की पेव्हर?

काँक्रीटचा कोबा सलग, धुवायला सोपा, आणि चाकाची खुर्ची किंवा लहान मुलांची सायकल त्यावर विनासायास फिरते. साधारण 100 मिलिमीटर जाडी, दर अडीच-तीन मीटरवर सांधा आणि निदान 7 दिवस ओलावा, एवढं पाळलं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. सांधा हवा, कारण काँक्रीट आकसताना तडकतंच. सांधा दिला की तडा बहुधा आपण आखलेल्या रेषेत जातो. कोब्याची खरी अडचण दुरुस्तीत आहे. खालचा पाइप फुटला तर फोडण्यावाचून इलाज नाही, आणि नंतर मारलेलं ठिगळ कायम वेगळं दिसतं.

पेव्हर म्हणजे वाळूवर बसवलेले सुटे ब्लॉक. त्याला मजुरी जास्त लागते, पण हवे तेवढे ब्लॉक उचलून, काम करून, तेच परत बसवता येतात. झाडाचं मूळ वर आलं तरी तेवढाच भाग सारखा करायचा. मात्र त्याचं सगळं आयुष्य खालच्या थरांवर असतं: 100 ते 150 मिलिमीटर खडी, थराथराने दाबलेली, त्यावर 25 मिलिमीटर वाळू, आणि कडेला पक्की अडवण. खडी नीट दाबली नाही तर पहिल्या-दुसऱ्या पावसातच खड्डे पडतात. कामाचा दर विचारताना ‘खाली किती खडी?’ हे आधी विचारा. ठेकेदार उत्तर टाळू लागला तर दुसरा शोधा. फटींतलं गवत आणि मुंग्या मात्र गृहीत धरा.

माझं मत पेव्हरकडे झुकतं. जमीन पक्की असेल आणि खालचं सगळं काम संपलं असेल तर कोबा घ्यायला हरकत नाही.

जमीन उंचसखल असेल तर लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उचललेला ओटा, सोयीचा, पण त्याला ठरावीक काळाने तेल-पॉलिश लागतं. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या कंपोझिट फळ्यांना ते लागत नाही, मात्र कडक उन्हात त्या अनवाणी पायांना चटके देतात.

झाड की पर्गोला?

पर्गोला म्हणजे खांबांवर उभं केलेलं मोकळं छत. तो उभारला की लगेच दिसतो, पण नुसत्या पट्ट्यांचा असेल तर सावलीसुद्धा पट्ट्यापट्ट्यांचीच मिळते. शिवाय दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, ते डोक्यावरच्या छपराला जुमानत नाही. तिथे पश्चिमेला उभा पडदा, जाळी किंवा वेल हवी. झाड याच्या अगदी उलट: खर्च कमी, वाट पाहणं जास्त. पण पानांमधून पाण्याची वाफ होत असल्याने झाडाखालची हवाही थोडी गार राहते, आणि पानगळीचं झाड थंडीत ऊन आत सोडतं.

जमत असेल तर झाड आजच लावा, भिंत आणि पाइपांपासून लांब. ते वाढेपर्यंत साध्या कापडी छतावर भागवा. पर्गोल्याचं नंतर बघता येईल; कदाचित त्याची गरजच पडणार नाही.

हिरवळ

खरं लॉन पाणी आणि कापणी मागतं, दाट सावलीत तगत नाही. कृत्रिम लॉनला दोन्ही नको, पण उन्हात ते खूप तापतं, घरात कुत्रा असेल तर सतत धुवावं लागतं, आणि झिजल्यावर गुंडाळून टाकूनच द्यावं लागतं. मुलं खेळतात तेवढाच तुकडा खऱ्या लॉनचा ठेवून बाकी जागी झुडपं, ठिबक आणि 5 ते 8 सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, हा पर्याय मला दोन्हींपेक्षा स्वस्त वाटतो. आच्छादन खोडाला मात्र चिकटवू नका, खोड कुजतं.

दिव्यांवर फार विचार नको. 12 व्होल्टचे, 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर दिवे, पायऱ्यांपाशी आणि वाटेवर. संध्याकाळचे दोन तास त्यानेच वाढतात.

तलाव आणि बाहेरचं स्वयंपाकघर

8 बाय 4 मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल तलाव म्हणजे 48,000 लिटर पाणी. पोहा न पोहा, पंप आणि गाळणी चालवावीच लागते. रोज पोहणारं कुणी घरात असेल तरच तो घ्यावा. बाहेरच्या स्वयंपाकघराचं तसंच, सिंक आलं की पाण्याची आणि सांडपाण्याची वेगळी लाइन आली. आधी एक हंगाम हलवता येणारी शेगडी बाहेर ठेवा आणि ती किती वेळा पेटते ते मोजा.

पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर पहिल्या टप्प्यात उतार, पाइप आणि झाड उरकून घ्या. पाइप बुजवण्याआधी शेजारी टेप धरून फोटो काढा. पुढे कुठे खणायचं आणि कुठे नाही, हे त्यावरूनच कळेल.