एकच चार्जर, तीन पोर्ट आणि मोकळं टेबल

६५ वॉटचा गॅन चार्जर घेतलाय, दोन टाइप-सी पोर्ट आणि एक जुना यूएसबी-ए. बऱ्यापैकी वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय.

मुळात मला त्रास चार्जिंगचा नव्हताच, पसाऱ्याचा होता. लॅपटॉपची ती वीट, फोनचा वेगळा, टॅबचा वेगळा, एक्स्टेंशन बोर्डवर एक जाडा अडॅप्टर लावला की शेजारचं सॉकेट वाया, आणि खाली वायरींचा असा गुंता की एक ओढली की दुसरंच काहीतरी टेबलावरून खाली येणार. वर रोजचं भांडण, माझा चार्जर कुणी नेला.

आता सॉकेट एकच भरलेलं असतं. टेबलाखालून झाडू सरळ फिरतो, कशात अडकत नाही, याचं समाधान मला दररोज मिळतं आणि खरंच खूप बरं वाटतं. पण एक करा, हा आणला की जुने अडॅप्टर ड्रॉवरमध्ये कोंबून ठेवू नका, चालू असतील तर कुणाला तरी द्या, नाहीतर ई-वेस्टमध्ये टाका. ते घरातून गेले नाहीत तर पसाऱ्यात आणखी एका चार्जरची भर पडली एवढंच.

गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. यात सिलिकॉनपेक्षा स्विचिंग खूप फास्ट होतं म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, त्यामुळे हा मुठीत मावतो.

घेण्याआधी हे नीट बघा. ६५ वॉट ही सगळ्या पोर्टची मिळून बेरीज आहे. माझ्याकडच्यात दोन्ही सी भरले की ४५ आणि २० अशी वाटणी होते, माझ्या लॅपटॉपला ४५ पुरतात पण गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी हा घेऊच नये. नवीन काही लावलं की बाकीच्यांचं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं, कारण चार्जर पॉवर नव्याने वाटतो, बिघाड नाहीये तो. फक्त राउटर यावर चालवू नका, सारखा रीस्टार्ट होईल.

केबलचंही तसंच, साधी सी-टू-सी ३ अँपिअरची असते म्हणजे ६० वॉटपर्यंतच, पूर्ण ६५ हवे तर ५ अँपिअरची ई-मार्कर चिपवाली घ्या (केबल किती करंट झेलू शकते ते ही चिप चार्जरला सांगते). आणि काही स्वस्त ट्रिमर, टॉर्च यांना सॉकेट टाइप-सी असतं तरी सी-टू-सी केबलने चार्जच होत नाहीत, कारण काहीतरी जोडलंय हे सी पोर्टला ज्यांच्यावरून कळतं ते आतले दोन बारके रेझिस्टर बनवणाऱ्याने पैसे वाचवायला घातलेलेच नसतात. तीच वस्तू ए पोर्टवरून आरामात चार्ज होते! त्यामुळे तीनही सी पोर्टवाला कितीही छान दिसला तरी निदान एक ए असलेलाच घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी जुना अडॅप्टर परत बाहेर काढावा लागेल.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा कापला कारण वजनाने जड आहे, ढिल्या सॉकेटमध्ये लोंबकळतो.