ब्रुकलिन ब्रिज पार्क: खांबांना झेपेल तेवढीच बाग

न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीच्या ब्रुकलिनकडच्या काठावर १९८० च्या दशकात मालवाहतूक थांबली आणि धक्के ओस पडले. उद्यान-रचनाकार मायकल व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांच्या संस्थेने तिथे ८५ एकरांचे उद्यान रचले. त्याचा पहिला भाग २०१० मध्ये खुला झाला.

कुठे काय करायचे, हे इथे धक्क्यांच्या ताकदीने ठरवले आणि तेच सगळ्यात पटते. धक्का क्रमांक १ भरावावर उभा आहे, वजन पेलतो. म्हणून टेकड्या, मोठी झाडे आणि ग्रॅनाइटच्या पायऱ्या तिथे. बाकीचे खांबांवर. त्यांच्यावर खोल माती टाकली असती तर खांब आधी मजबूत करावे लागले असते. म्हणून धक्का २ वरच्या जुन्या शेडचे छत ठेवून खाली बास्केटबॉल, हँडबॉल आणि स्केटिंग आणले, तर धक्का ५ वर खेळाची मैदाने. धक्का २ वर पावसातही खेळता येते ते छतामुळे. पायऱ्यांचा ग्रॅनाइट रूझवेल्ट आयलंडच्या पुलाच्या दुरुस्तीतून निघालेला, बाकांचे पाइन पाडलेल्या शीतगृहाचे. मागच्या महामार्गाचा गोंगाट अडवायला मातीचे उंच बांध घातलेत. बांधाच्या नदीकडच्या बाजूला उतरले की फरक लगेच कळतो.

खरी डोकेदुखी पाण्याखाली आहे. नदी स्वच्छ होत गेली तसे लाकूड पोखरणारे सागरी जीव परतले आणि जुने लाकडी खांब आतून पोकळ होऊ लागले. पाणबुडे उतरवून एकेका खांबाभोवती आवरण चढवावे लागते. हा खर्च उद्यानाच्या हद्दीतल्या निवासी इमारती आणि हॉटेल यांच्या उत्पन्नातून निघतो. त्यासाठी काठावर उंच इमारती सोसाव्या लागतात. पण खांब सांभाळायला पैसा नसता तर वरची हिरवळ किती वर्षे टिकली असती?

स्क्विब पूल मात्र फसला. २०१३ मध्ये खुला झालेला, उद्यानात नेणारा हा लाकडी पादचारी पूल जास्त हलू लागल्याने पुढच्याच वर्षी बंद करावा लागला. दुरुस्तीही टिकली नाही. अखेर २०२० मध्ये पोलादी पूल आला.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी धक्का ६ गाठावा; झोके, घसरगुंड्या, वाळू, पाण्याचे खेळ सगळे तिथेच आहे. धक्का ४ जवळच्या छोट्या किनाऱ्यावर पाण्यापर्यंत जाता येते, पोहता येत नाही.