'बाजार पडणार' सांगणाऱ्याचं सलग चार वेळा बरोबर कसं येतं

उसाची बिलं खात्यावर पडायला लागली की कोल्हापूर, कागल, इचलकरंजी भागात फोनवर 'मार्केट क्रॅश अलर्ट' सुरू होतात. हंगामाचा पैसा आणि 1 फेब्रुवारीचं बजेट एकाच सुमारास येतं, हे टोपी घालणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. करवीर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींना असाच गंडा बसला.

पहिले चार आठवडे सगळं फुकट. दर रविवारी रात्री टेलिग्रामवर निफ्टीचा, म्हणजे बड्या 50 शेअरच्या निर्देशांकाचा, चार्ट यायचा. भाव नवा उच्चांक करतोय पण आरएसआय (भावाच्या हालचालीचा जोर मोजणारा आकडा) मागे राहतोय, असे बाण काढलेले. खाली फेडची (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची) बैठक, कच्चं तेल, परदेशी संस्थांची विक्री. शेवटी ठाम वाक्य: या आठवड्यात वर, नाहीतर खाली. चारही वेळा बरोबर! चार्ट आणि बातम्या खऱ्याच होत्या. खोटी होती ती निवड.

1,600 नंबर घ्यायचे. 800 जणांना 'वर' कळवायचं, 800 जणांना 'खाली'. ज्यांच्याकडे चुकलं त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांचे पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन भाग करायचे. मग 400, 200, शेवटी 100. या शंभरांच्या नजरेत सांगणारा देवमाणूस. बाकीचे 1,500 एकमेकांना ओळखतही नाहीत. शिवाय टेलिग्राम चॅनलवरचा मेसेज पुसला की मागे खूणही राहत नाही. म्हणून प्रत्येक अंदाजाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी ठेवावा आणि तालमीत, दूध संस्थेत विचारावं, कुणाला उलटा मेसेज आलाय का.

पाचव्या आठवड्यात फी मागितली, तीही एका व्यक्तीच्या नावच्या यूपीआयवर. मग बजेटआधी पुट घ्यायला लावले. पुट म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाला विकायचा हक्क, बाजार पडला की फायद्याचा. समजा निफ्टी 24,000 वर आहे, 23,500 चा पुट 140 रुपयांना, लॉट (एका सौद्यातले नग) तेव्हाप्रमाणे 75 चा. दहा लॉटचे झाले 1,05,000. बजेट झालं, निफ्टी 150 अंकांनी पडला, तरी पुट 60 वर! बजेटआधी सगळेच संरक्षण विकत घेतात, इंडिया व्हिक्स (बाजारातली धास्ती मोजणारा आकडा) चढतो, प्रीमियम म्हणजे पुटचा भाव फुगतो. घोषणा झाली की तो उतरतो आणि मुदतही रोज खात असते. दिशा बरोबर येऊनही 60,000 गेले. वर 'होल्ड करा' म्हणून सांगितलं, एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपली तेव्हा, उरलेलेही शून्य.

प्रामाणिक विश्लेषकालाही पडझडीची तारीख सांगता येत नाही. भावाची 50 दिवसांची सरासरी 200 दिवसांच्या खाली गेली की 'डेथ क्रॉस' म्हणून गाजावाजा होतो. 2020 मध्ये अमेरिकेच्या एस अँड पी 500 या निर्देशांकाचा तळ 23 मार्चला लागला, क्रॉस आला 30 मार्चला. आपल्याकडे 3 जून 2024 ला निफ्टी विक्रमी पातळीवर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी, निवडणूक निकालाला, सुमारे 6 टक्के कोसळला. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले (पुटसारख्या मुदतीच्या सौद्यांतले) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघालेत.

खरी मोठी रक्कम मात्र यानंतर गेली, 'रिकव्हरी प्लॅन'मध्ये. टोळीचंच ॲप, त्यात रोज वाढणारा नफा, आणि पैसे काढायला गेलं की 'आधी 20 टक्के टॅक्स भरा'. नफ्यावरचा कर आयकर खात्याला भरायचा असतो, तो कुणाच्या यूपीआयवर जात नाही. ॲपमधला सौदा खरा असता तर ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती) आली असती, एक्सचेंजचा एसएमएस आला असता. यातलं काहीच आलं नाही, तिथेच हात आखडता घ्यायला हवा होता.

टिप्स देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा; रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच आणि सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. पण क्रमांक चोरलेलाही असतो. सेबीच्या संकेतस्थळावर त्या नावापुढे दिलेल्या फोनवर स्वतः फोन लावा, त्याने पाठवलेल्या नंबरवर नको. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत संस्थांच्या यूपीआय आयडीत 'व्हॅलिड' हा शब्द असतो. खात्रीचा परतावा सांगितला की बोलणं तिथेच थांबवा, कारण नोंदणीकृत माणसाला तशी हमी देताच येत नाही.

पैसे गेलेच असतील तर लाज बाजूला ठेवून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराची वेळ हाताशी ठेवा, म्हणजे रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. चॅट पुसू नका, आणि 'पैसे परत मिळवून देतो' म्हणत नंतर येणाऱ्या फोनला एक रुपयाही देऊ नका. तो बहुधा त्याच टोळीतला असतो.