एमकॅटची अधिकृत सराव परीक्षा: तारीख धरायची की सोडायची?

अमेरिकेत पदवी घेणारी, एमडी-पीएचडीला (डॉक्टरकी आणि संशोधन अशा जोड पदवीला) अर्ज करणारी आणि नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरला घरी आलेली मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. एमकॅट म्हणजे तिकडच्या वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा; ती घेणारी संस्था एएएमसी, म्हणजे तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना. तिच्याच पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांना पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला, कारण त्या मोजक्याच आहेत आणि एकदा प्रश्न पाहिले की पुन्हा मिळालेल्या गुणांना अर्थ उरत नाही. म्हणून धडे शिकण्यासाठी त्या खर्ची घालू नका. ठरवलेली तारीख धरायची की सोडायची, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही.

एमडी-पीएचडीवाल्यांना तारीख जास्त जाचते. साध्या एमडीच्या अर्जाला 5,300 अक्षरांचा एक निबंध लागतो. इथे त्यावर आणखी दोन चढतात: 3,000 अक्षरांचा ‘एमडी-पीएचडी का’ आणि 10,000 अक्षरांचा संशोधनाचा. अर्ज मेच्या अखेरीस भरता येतो आणि जूनच्या शेवटी कॉलेजांकडे पोचतो, म्हणजे हे लिखाण एप्रिल-मेमध्येच उरकावं लागतं. मेची परीक्षा नेमकी त्यावर येऊन आदळते. निकालाला 30 ते 35 दिवस लागतात, त्यामुळे मेमध्ये गुण कमी पडले तर कळेपर्यंत जून उजाडतो. आमचा कौल जानेवारी किंवा मार्चला. फेब्रुवारीत परीक्षा नसते. जानेवारीत फसलं तरी एप्रिल हाताशी राहतो. अर्जाची पडताळणी गुणांवाचून होते, तेवढ्यासाठी घाई नको.

आता खुद्द सराव परीक्षा. 230 प्रश्न, चार विभाग, 95, 90, 95 आणि 95 मिनिटं. मध्ये 10, 30 आणि 10 मिनिटांच्या सुट्ट्या. अधोरेखन, पर्याय खोडणं, प्रश्नावर खूण करणं, सगळं खऱ्या पडद्यासारखंच. कॅल्क्युलेटर नाही. दुसऱ्या विभागात 9 उतारे आणि 53 प्रश्न, म्हणजे उताऱ्यामागे दहा मिनिटं. पहिल्या दोन उताऱ्यांवर तेरा-तेरा मिनिटं गेली की शेवटचा उतारा जवळजवळ न वाचताच सोडवावा लागतो. गुण इथेच सांडतात.

घरी बसताना कागद-पेन घेऊ नका. केंद्रावर लॅमिनेटेड वही आणि ओल्या फडक्यानेच पुसला जाणारा मार्कर मिळतो. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानातून चार-पाच कोरे ए-फोर कागद लॅमिनेट करून घ्या. जाड टोकाने लिहिलेलं समीकरण अर्धं पान खातं, त्याची सवय आधीच लागलेली बरी. राऊटरला छोटा यूपीएस जोडा. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंदचा मेसेज आला असेल तर तो दिवस सोडा. सकाळी आठला सुरुवात, जेवण तीस मिनिटांतच. तांबडा-पांढरा रस्सा संध्याकाळी. केंद्रावर आत-बाहेर करताना तपासणीचा वेळही याच सुट्टीतून जातो, तेव्हा पंचवीसच धरा.

कोल्हापुरातले सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ. इथे मिळालेले गुण तिकडे तसेच टिकतील असं धरू नका. परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी परत जा आणि शेवटची सराव परीक्षा तिकडच्या सकाळी द्या.

एमडी-पीएचडीला प्रवेश मिळालेल्यांचे सरासरी गुण 516 च्या आसपास असतात (मापन 472 ते 528). लागोपाठ दोन सराव परीक्षांत आपल्या लक्ष्याच्या दोन गुणांच्या आत असाल तर तारीख धरा. पाच-सहा गुण खाली असाल तर ढकला, आणि तेही वेळेत: 60, 30 आणि 10 दिवस हे टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यागणिक तारीख बदलण्याचं शुल्क वाढतं. शेवटच्या दहा दिवसांत बदल होतच नाही.

परीक्षा संपल्यावर पडद्यावर ‘रद्द करायची का’ असं विचारतात. रद्द केली तर कॉलेजांना काही दिसत नाही, पण ती संधी मोजली जाते: वर्षात तीन, सलग दोन वर्षांत चार, आयुष्यात सात.