ऑप्शन फॉर्मच्या आधी लांबचं कॉलेज बघायला जावं का? सांगली आणि नांदेड, आमचा अनुभव

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, माझ्या लेकीच्या इंजिनीअरिंग ॲडमिशनच्या ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेजं आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायच्या यादीत, वरच्या दोन जागांसाठी दोन नावं होती, वालचंद सांगली आणि एसजीजीएस नांदेड, ब्रांच दोन्हीकडे इलेक्ट्रिकलच, आणि घरात रोज एकच विषय, की एवढ्या लांब बघायला जायचं की घरी बसून ठरवायचं. आम्ही वर्ध्याचे. हे म्हणत होते जायची काही गरज नाही, एवढी जुनी सरकारी-अनुदानित कॉलेजं आहेत, त्यात बघायचं काय, आणि पेरणी नुकतीच उरकलेली, कपाशीत डवरणी सुरू, त्यांना शेत सोडणं शक्यच नव्हतं. मी म्हणत होते की पोरगी चार वर्षं जिथे राहणार ते गाव मी एकदा तरी डोळ्यांनी बघणार. शेवटी मी आणि लेक दोघी गेलो, दोन्हीकडे. आता यंदा नात्यातले, ओळखीचे सगळे मलाच विचारतात जावं का म्हणून, तर एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधी घरी बसून काय काय कळतं ते सांगते, कारण ते लोकांना वाटतं त्याच्यापेक्षा खूप जास्त आहे. कॉलेजच्या साइटवर एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, दिलेल्या माहितीची पीडीएफ असते, तिच्यात किती पोरं पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती हे आकडे असतात. त्यातला मधला पगार बघायचा, बॅनरवरचं सगळ्यात मोठं पॅकेज नाही, ते एका पोराचं असतं. एनबीए हे दर्जाचं मानांकन पूर्ण कॉलेजला नसतं, एकेका ब्रांचला असतं, त्यामुळे आपल्या ब्रांचला आहे का आणि कधीपर्यंत आहे ते बघायचं. खासगी कॉलेज असेल तर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर मिळते, काउंटरवर कोणी काही सांगो. आणि मागच्या वर्षीचे कटऑफ ॲडमिशन चालवणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर राऊंडवार असतात, फक्त ते वाचताना जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस असे जे कोड असतात त्यातलं शेवटचं अक्षर बघा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे कॉलेज ज्या युनिव्हर्सिटीच्या भागात येतं त्याच भागातल्या, पोरांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीच्या पोरांसाठी, एस म्हणजे राज्य पातळीवरची सीट, आणि सुरुवातीला जी ऐवजी एल असेल तर ती मुलींची. आमच्या शेजारच्यांनी एच चा कटऑफ बघून आठ दिवस आनंदात काढले आणि नंतर कळलं की त्यांच्या पोराला तिथे ओ लागू होतो.

हे सगळं आम्ही दोन रात्रीत काढलं, खर्च शून्य. त्यावर वर्ध्याचीच दोन पोरं शोधली, एक सांगलीला शिकलेला आणि एक नांदेडला तेव्हा शिकत असलेली, दोघांशी अर्धा-अर्धा तास फोनवर बोलणं झालं. प्रोफेसर कसे, लॅब चालू असतात का, पहिल्या वर्षाला होस्टेल सगळ्यांना मिळतं की मेरिटने, मेसचे महिन्याचे किती, हे सगळं फोनवर कळलं. खरं सांगू का, शिकवण्याबद्दल आणि प्लेसमेंटबद्दल आम्हाला प्रत्यक्ष जाऊन त्याच्यापेक्षा एक अक्षरही जास्त कळलं नाही, कारण जुलैत वरच्या वर्षांची पोरं बरीचशी घरी, वर्ग रिकामे, आणि रिकाम्या वर्गात तुम्ही बघणार काय, बाक आणि फळा. यूट्यूबवर ड्रोनने घेतलेल्या शूटिंगमध्ये इमारत दिसते तशीच तुम्हाला गेटातून दिसते.

मग गेल्याने कळलं काय? रस्ता.

सांगलीला आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो. ही गाडी गोंदियाहून निघते आणि नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, नगर, दौंड, पुणे, सातारा, कराड करत सांगली, मिरज आणि शेवटी कोल्हापूर. अख्खा महाराष्ट्र आडवा. हजारेक किलोमीटर, दुपारी बसलो ते दुसऱ्या दिवशी उतरलो. घरी बसून नकाशावर बघताना लेक म्हणायची एकाच गाडीने जाता येतं ना, मग काय. पण पुण्याच्या पुढे सकाळी ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, दिवाळीला मी आले की यायला एक दिवस आणि जायला एक दिवस, मग घरी किती?" मी काही बोलले नाही. तिनेच मोबाइल काढून मोजलं. आणि त्यात रिझर्वेशनचा प्रश्न वेगळा, नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं बुकिंग फक्त ६० दिवस आधी उघडतं, त्या वर्षीच्या दिवाळीचं तिकीट काढायला ऑगस्टमध्येच सुट्टीची तारीख पक्की माहीत पाहिजे, आणि पहिल्या वर्षाच्या पोराला ऑगस्टमध्ये परीक्षेचं टाइमटेबल कुठून माहीत असणार, ॲडमिशनच तर तेव्हा होत असते.

कॉलेज मात्र मनात भरलं, ते सांगितलंच पाहिजे. १९४७ पासूनचं कॉलेज, विश्रामबागला सांगली-मिरज रस्त्यावरच, झाडं मोठी, लोक सरळ बोलणारे. पुराची मला फार धास्ती होती, ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं ते टीव्हीवर बघितलेलं, डोक्यात सांगली म्हणजे पाणी हेच बसलेलं. तिथे ऑटोवाल्या दादांना विचारलं तर त्यांनी न कंटाळता समजावलं की नदी गावभागाच्या बाजूला, विश्रामबाग मिरजेच्या बाजूला, मध्ये एवढं अंतर. कॉलेज बघून झाल्यावर नदीपर्यंत जाऊनही आलो. ही भीती फोनवर गेली नसती, तिथे अर्ध्या तासात गेली. म्हणजे जाण्याने एक भीती गेली आणि एक नवीन अडचण कळली, दोन्ही खरंच उपयोगाच्या.

खर्च दोघींचा स्लीपरचं जाणं-येणं, एक रात्र लॉज, जेवण, ऑटो मिळून साडेचार हजारांच्या आसपास, आणि दिवस गेले चार. सोयाबीन विकलेल्या पैशातले साडेचार हजार म्हणजे आमच्यासाठी कमी नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते कारण ज्यांना हे सहज जमत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

नांदेडचं अगदी उलट. एसटीने गेलो, वर्धा ते यवतमाळ, तिथून नांदेड, सकाळी निघून दुपारी पोचलो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचं जाणं-येणं हजाराच्या आत बसलं. कॉलेज विष्णुपुरीला, गावाबाहेर, विद्यापीठ आणि मेडिकल कॉलेज त्याच भागात, त्यामुळे रस्त्यावर पोरं-पोरी दिसतात आणि ऑटो मिळतो. मी काय केलं, की मुद्दाम संध्याकाळी सातला बसस्टँडवरून पुन्हा विष्णुपुरीला गेले, लेकीला घेऊन, फक्त हे बघायला की घरून उशिरा आलेली पोरगी एवढ्या वाजता कशी पोचेल. पाऊस भुरभुर चालू होता. शेअर ऑटोत एक उमरखेडची पोरगी भेटली, मांडीवर पिशवी आणि पिशवीत स्टीलचा डबा कपड्यात बांधलेला, तोंडावर रबर लावलेला, आईने दिलेलं वांग्याचं भरीत आहे म्हणाली. तिने सांगितलं की शनिवारी प्रॅक्टिकल नसलं की ती घरी जाते आणि रविवारी संध्याकाळी अशी परत येते. माझ्या लेकीने त्या डब्याकडे किती वेळ बघितलं ते मलाच माहीत.

रात्री लॉजवर तिनेच क्रम बदलला. नांदेड वर, सांगली खाली. दोन्ही कॉलेजांत उणं काढण्यासारखं काही नव्हतं, आकडेही जवळपास सारखेच वाटत होते आम्हाला, फरक पडला तो रस्त्याने. आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालाय, ती पूर्ण झाली तर पुढच्या पोरांना अजूनच सोपं.

आता मधला मार्ग जो पुष्कळ लोक सुचवतात, की आधी फॉर्म भरा, सीट लागू द्या, मग जाऊन बघा आणि ठरवा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, एकाच कॉलेजला जावं लागतं, पैसे वाचतात. पण यात एक अडचण आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की ती सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते, पुढच्या राऊंडला बेटरमेंट, म्हणजे दुसरं कॉलेज मिळायची संधी, मिळत नाही. २०२५ ला तर चार राऊंड होते आणि दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं तरी फ्रीज, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे जे तुम्ही वर टाकलंय ते लागल्यावर बघून काही उपयोग नाही, घ्या नाहीतर कॅपच्या, म्हणजे या सरकारी केंद्रीय ॲडमिशनच्या, राऊंडमधून बाहेर व्हा. खाली टाकलेलं लागलं तर मात्र सीट हातात ठेवून पुढच्या राऊंडला जाता येतं, तेव्हा मधल्या दिवसांत जाऊन बघणं चालतं. म्हणून माझं सरळ मत आहे, जे पहिल्या एक-दोन-तीनमध्ये टाकणार ते आधी बघा, जमत असेल तर, आणि बाकीच्यांसाठी एक रुपया घालवू नका, लागलं तर बघू. दहा कॉलेजं फिरणारे आईबाप मी बघितलेत, पाचव्या कॉलेजला पोरगं गाडीतून उतरायलाही तयार नसतं.

आणि ज्यांनी जायचीच गरज नाही ते कोण, तर ज्यांचा क्रम बघूनही बदलणार नाही ते. पोराला कॉम्प्युटरच पाहिजे आणि त्या पर्सेंटाइलला एकच बरं कॉलेज लागण्यासारखं आहे, तर बघून करणार काय. किंवा सीओईपी, व्हीजेटीआय लागण्यासारखं असेल आणि पुण्या-मुंबईत काका-मामा राहतात, तर रस्ता तुम्हाला माहीतच आहे, होस्टेलची माहिती फोनवर घ्या आणि फॉर्म भरा. माझ्या लेकीच्या मैत्रिणीने सांगली न बघताच पहिलं टाकलं, तिची आत्या मिरजेला असते, ती तिथे खुशीत आहे.

मुलींच्या आईबापांना अजून एक. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या, कॅपमधून ॲडमिशन घेतलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. होस्टेल, मेस आणि प्रवास यात येत नाही. म्हणजे फीची तुलना बरीचशी संपली आणि उरला तो राहण्या-खाण्याचा आणि येण्या-जाण्याचा हिशोब, आणि त्यात होस्टेल नाही मिळालं तर जवळपास रूमचं भाडं किती हे गल्लीत फिरूनच खरं कळतं, फोनवर "दोन-अडीचला मिळून जाईल" एवढंच ऐकायला येतं.

एक सावधगिरी. आमच्या ओळखीतले एक जण पुण्याकडच्या एका खासगी कॉलेजला बघायला गेले होते, कॉलेजनेच फोन करून बोलावलेलं, स्टेशनवर गाडी पाठवली, एसी हॉलमध्ये बसवलं, जेवण दिलं आणि जेवणानंतर आजच पंचवीस हजार भरा नाहीतर सीट जाईल म्हणून बसवून ठेवलं. यांनी भरले, कारण एवढं केलं त्यांनी, नाही कसं म्हणायचं. नंतर कॅपमधून दुसरीकडे लागलं आणि ते पैसे काढता काढता दिवाळी आली. जिथे तुमच्या येण्याची एवढी सोय केली जाते तिथे पाकीट घरी ठेवून जा, कॅपच्या सीटसाठी कॉलेजला आधी काहीच द्यावं लागत नाही.

जायचं ठरलं तर सोमवार ते शुक्रवारात जा, रविवारी ऑफिस बंद आणि वॉचमन आत सोडत नाही. बाप एकटा जाऊन फोटो आणतो असं करू नका, ज्याला राहायचंय त्याला न्या. ज्या गाडीने पोरगं पुढे येणार-जाणार त्याच गाडीने जा, कोणाची कार मागून गेलात तर जे बघायला गेलात तेच बघायचं राहून जातं. आणि डॉक्युमेंटची स्क्रूटिनी पूर्ण झाल्यावर निघा, कारण नॉन-क्रिमिलेयर नाहीतर आणखी कशात त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो आणि तुम्ही दौंडला गाडीत बसलेले असता. ऑप्शन भरायला जेमतेम तीन-चार दिवस मिळतात, त्याच्या आधी घरी पोचलेले पाहिजेत, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन पोराजवळ पाहिजे. आमचा नंबर यांचा दिलेला होता, हे शेतात, फोन घरी चार्जिंगला, आणि सायबर कॅफेत आम्ही दोघी पाऊण तास बसून होतो.