बाथरूमची गळती: सांधे भरून भागेल की लादी फोडायची?

खालच्या घराच्या छताला ओल आली की गवंडी म्हणतो, "फोडायलाच लागेल." विनातोडफोडवाला म्हणतो, "दोन दिवसांत पाणी बंद." कोणाचं ऐकायचं ते नंतर; आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

दोनतीन दिवस बाथरूम वापरू नका, पण पाण्याचा मुख्य कॉक चालू ठेवा. ठिबकणं तसंच राहिलं तर संशय भिंतीतल्या पाइपावर घ्यायचा, मग लादीच्या सांध्यात काहीही भरून उपयोग नाही. हळूहळू कमी झालं तर पाणी लादीवरून मुरतंय. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीची ओलही बाथरूमच्या माथी मारली जाते, तेही तपासा.

लादीवरूनच मुरत असेल तर स्वस्त उपाय म्हणजे इपॉक्सी ग्राउट. ग्राउट म्हणजे लाद्यांमधल्या सांध्यात भरायचा मसाला; इपॉक्सीचा असला की तो पाणी शोषत नाही. सिमेंटचं जुनं ग्राउट पाणी शोषतं. ते खरवडून सांधे पूर्ण वाळवायचे आणि इपॉक्सी भरायचं. वाळवण्यात घाई झाली की इपॉक्सी नीट धरत नाही, आणि बहुतेक कामं इथेच फसतात. काम दोन दिवसांचं, धूळही थोडीच. पण खालचा थर तो दुरुस्त करत नाही. लादीवर नाण्याने ठोकून बघा: बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजली, किंवा नहाणी ट्रॅपभोवतीचा (सांडपाणी जिथून खाली जातं त्याभोवतीचा) भाग खचला असेल, तर ग्राउटवर पैसे घालू नका.

फोडण्याचं काम वेगळंच प्रकरण. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांचे तुकडे भरलेले असतात. वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी त्या भरावातच साचतं. म्हणून लादी काढून तिथेच नवी बसवली तर अर्धंच काम होतं. भराव उपसून स्लॅबपर्यंत जावं लागतं. मग कोपऱ्यांना गोला (सिमेंटची गोलाई), वॉटरप्रूफिंगचे दोन आडवे-उभे हात, भिंतीवर किमान फूटभर चढवून. लादी बसवण्याआधी ट्रॅप बंद करून निदान 48 तास पाणी साठवून ठेवा आणि खाली जाऊन छत बघा. या चाचणीला कंत्राटदार कां-कूं करत असेल तर दुसरा बघावा. जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइपही याच वेळी बदलून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकून घ्या. आठपंधरा दिवस बाथरूम बंद, राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, उचलण्याचा खर्च वेगळा, आणि सोसायटीची परवानगी.

जुन्या लादीवर नवी चिकटवणं मी या दोघांच्या पंगतीत बसवत नाही. फरशी उंचावते, दार घासतं, उतार बिघडतो आणि ओल आत तशीच राहते. खालून छतात भोकं पाडून गळती रोखणारं रसायन दाबाने भरणं, म्हणजे इंजेक्शन मारणं, पावसाळा काढण्यापुरतं ठीक.

खर्च कोणाचा यावर शेजाऱ्यांशी वाद नको. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च ज्याच्या घरातून गळती होते त्या सभासदाचाच असतो. घट्ट लादी आणि फक्त झिजलेले सांधे असतील तर इपॉक्सी करून एक पावसाळा बघायला हरकत नाही. खालच्या स्लॅबचे पापुद्रे सुटून सळई दिसायला लागली असेल, तर मात्र थेट फोडायलाच घ्या.